सासऱ्यानं फितवलेलं मांजर

आमच्या सूनबाई जेवत नाहीत, ही बातमी घरात सगळ्यांच्या शेवटी मला कळली. गडी बाबल्याला ती ठाऊक होती, शेजारच्या यमुनाबाईंना ठाऊक होती, सकाळी फुलं घेऊन येणाऱ्या गुरवालासुद्धा ठाऊक होती. मी घरातला कर्ता पुरुष. कोर्टात शिरस्तेदार. जिल्ह्यातल्या निम्म्या भानगडी माझ्या हाताखालून जातात. आणि माझ्याच घरात एक सोळा वर्षांची पोर भाताची चार शितं चिवडून पानावरून उठते, याचा मला पत्ता नाही! ऐकल्यावर मी बायकोवर चिडलो. चिडण्यासारखं दुसरं माणूस त्या वेळी जवळ नव्हतं.

"मला कुणी काही सांगत नाही," मी म्हटलं.

"सांगितलं की आत्ता," ही म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

आता यात माझा काय दोष? सून सासऱ्याशी बोलत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझी आई माझ्या आजोबांशी कधी बोलली नाही. आमची ही माझ्या वडलांशी बोलली ती एकदाच, त्यांच्या धोतराला निरांजनाची ज्योत लागली तेव्हा. आणि तेसुद्धा तिनं आधी मला हाक मारून सांगितलं. आमच्या सूनबाईंचं, सुनेत्राचं, तसंच. मी ओटीवर असलो की ती माजघरात, मी माजघरात आलो की ती स्वैपाकघरात, आणि पाणी प्यायला मी स्वैपाकघरात डोकावलो की ती मागील दारी. तिला काही हवं असलं तर तो अर्ज सासूबाईंमार्फत माझ्यापर्यंत यायचा, आणि सरकारी कागदाप्रमाणे पुष्कळदा वाटेतच गहाळ व्हायचा. तिची माझी ओळख म्हणजे बांगड्यांचा आवाज आणि दारातून नाहीसा होणारा एक पदर.

आमचा हरिहर मुंबईला एका कंपनीच्या हापिसात. चार-पाच जणांत मिळून एक खोली, तिथं बायकोला कुठं नेणार? बिऱ्हाड मिळेपर्यंत सूनबाईंनी रत्नागिरीत राहायचं असं ठरलं. तो पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं गेला. पाऊस संपला, बोटी पुन्हा सुरू झाल्या, बिऱ्हाड काही मिळेना. आणि पोर इथं आमच्या दोघा म्हाताऱ्यांत वाळत चाललेली.

"तिला होतंय तरी काय?" मी विचारलं.

"काही बोलत नाही हो. एकदाच, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, माहेरी मनी म्हणून मांजर आहे, पायाशी निजायची माझ्या. एवढंच."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मांजर! एवढंसं तर काम! तिचं माहेर पाली, ते काही विलायतेत नाही. रविवारी सकाळच्या मोटारीनं जायचं, व्याह्यांकडून मांजर उचलायचं, संध्याकाळी परत.

"तिला विचारू का आधी?" ही म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? एकदम समोर आणून ठेवलं की बघ कशी हसते ती."

ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा तिचं म्हणणं बरोबर असतं, असा पुढं अनुभव आला. पण अनुभव नेहमी पुढंच येतो.

पालीचे आमचे व्याही विसाजीपंत म्हणजे फार सज्जन माणूस. कलमांची बाग, थोडी भातशेती, आणि बोलण्यात इतकी अदब की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा. मुलाचा बाप आगाऊ न कळवता दारात उभा राहिलेला पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेची काही तक्रार घेऊन आलो असंच त्यांना वाटलं असणार. पाय धुवायला पाणी आलं, गूळ आला, कोकमाचं सरबत आलं. मी हसत म्हटलं, "काही नाही हो, तुमच्याकडे मागणं घेऊन आलोय."

विसाजीपंत हात जोडून उभे राहिले. "आज्ञा करावी."

"सूनबाईंचं मांजर हवंय. मनी."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी आत पाहिलं. आत विहीणबाईंच्या हातातून तांब्या खाली पडला.

"मांजर..." विसाजीपंत म्हणाले. "त्यापेक्षा एखादी गाभण गाय न्यावी असं मी म्हणतो. आमची कपिला..."

"छे छे, मांजरच."

"पायरीची कलमं आहेत चांगली तयार..."

"विसाजीपंत, मांजर देणं जिवावर येत असेल तर तसं सांगा."

"असं कसं! असं कसं म्हणता! तुमचंच आहे सगळं. आपण जेवून घ्यावं. तोवर मांजर... तोवर बघतो."

मग मला त्यांनी जेवायला बसवलं ते उठूच देईनात. वाढण्यावर वाढणं. मागील दारी मात्र नुसती धावपळ चाललेली. कुणी कुंपणावरून उडी मारतंय, कुणी शेजारच्या आवाराकडे पळतंय, मधूनच "पकड, पकड" असा दबलेला आवाज. मांजर फार चपळ दिसतंय, असं मनाशी म्हणत मी आणखी एक पुरणपोळी घेतली. अखेर विसाजीपंतांचा धाकटा भाऊ ओरखडलेल्या हातांनी एक पोतं घेऊन आला. पोत्याचं तोंड सुंभानं घट्ट बांधलेलं. विहीणबाई दारामागे डोळे पुसत होत्या. मांजरावर केवढी ही माया, असं वाटून मलाही जरा भरून आलं.

येताना मोटारीच्या कंडक्टरनं "जनावर टपावर" म्हणून हटून बसायचा प्रयत्न केला, पण कायद्याची दोन वाक्यं ऐकवताच तो नरमला. पोतं मांडीवर घेऊन मी बसलो. आतून हूं नाही की चूं नाही. मांजर लाजाळू दिसत होतं. मला ते बरं वाटलं. सूनबाईंच्या स्वभावाशी जुळणारं.

खरी शोभा झाली ती गावच्या जकात नाक्यावर. नाकेदार नवीन होता आणि नव्या माणसाला कामाचा हुरूप फार.

"पोत्यात काय आहे?"

"मांजर."

"मांजर?" त्यानं पोत्याला बोट लावून पाहिलं. "ऊन लागतंय हाताला. कोंबडी तर नाही?"

मोटारीत हशा पिकला. मी! जानवं घातलेला शिरस्तेदार! पोत्यातून कोंबडी नेताना! कोंबडीवर जकात होती आणि लोक ती नाना सोंगांनी गावात आणत, हे मलाही ठाऊक होतं. पण म्हणून माझ्यावर संशय?

"मांजर आहे म्हणतो ना मी!"

"मग सोडून दाखवा."

"सोडलं तर पळेल."

"मग ओरडवा. मांजर असेल तर ओरडेल."

न्यायाच्या दृष्टीनं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुरावा मागण्याचा त्याला हक्क होता. मी पोतं हलवलं. शांतता. थोपटलं. शांतता. मोटारीतल्या लोकांना गंमत वाटायला लागली. एक कोळीण म्हणाली, "दादानू, तुमी ओरडा, म्हंजे ती ओरडंल." दुसरा म्हणाला, "व्हय व्हय, जातवाला ओरडला की वळखतात." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. उन्हं उतरायला लागली होती. घरी पोर उपाशी. मी इकडं तिकडं पाहिलं, पोत्याजवळ तोंड नेलं, आणि हळूच म्हटलं, "म्याँव."

"मोठ्यानं," नाकेदार म्हणाला.

मी मोठ्यानं ओरडलो. आणि नेमके त्याच वेळी आमच्या कोर्टातले एक तरुण वकील सायकलवरून फिरायला चाललेले. ते उतरले, त्यांनी मला अदबीनं नमस्कार केला, आणि पुन्हा सायकलवर बसून निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीवरून जाताना आतून बारीक आवाजात कुणीतरी म्याँव केलं, ते नंतर कितीतरी दिवस चालू होतं.

मांजर शेवटपर्यंत ओरडलं नाही. पण नाकेदार पोतं चाचपायला पुन्हा वाकला तेव्हा पोत्याच्या विणीतून एक नखाळ पंजा बाहेर आला आणि त्याच्या मनगटावर चांगली रेघ ओढून आत गेला. "जाऊ द्या, मांजरच आहे," तो मनगट चोखत म्हणाला.

घरी आलो. माजघरात पोतं ठेवलं. हिनं सूनबाईंना बोलावलं. मी रिवाजाप्रमाणे खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, पण कान इकडंच. सुंभ सुटलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक आवाज आला, "मने..." सूनबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. त्यावर धडाधड भांडी पडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर मांजर शिडीवरून माळ्यावर पळालेलं आणि सूनबाई पदर तोंडाला लावून मागील दारी गेलेल्या.

"रडत्ये," ही परत येऊन म्हणाली.

"आनंदानं," मी म्हटलं.

"असेल," ही म्हणाली.

त्यानंतर सुरू झाला मांजराला माणसात आणायचा उद्योग. मांजर माळ्यावर कोहळ्यांच्या आड जाऊन बसलं ते उतरायलाच तयार नाही. करड्या रंगाचं, गळ्याखाली पांढरं, आणि डोळे असे की जणू आपण त्याचं काही खाल्लंय. दूध वर ठेवलं तर कुणी नसताना पिऊन टाकायचं; माणसाची चाहूल लागली की कोहळ्यामागे.

यमुनाबाई सल्ला द्यायला आल्या. त्यांच्याकडे सल्ला कधी शिळा नसतो. "पोत्यातनं काढून तसंच सोडलंत? अगो बाई! जात्याभोवती फिरवायचं असतं हो, म्हणजे घर धरतं." मग ते जात्याभोवती फिरवायला आधी खाली आणायला हवं. पलीकडचे आप्पा, निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, "दूध बंद करा. भूक ही सर्वांत मोठी शिक्षिका." आप्पांच्या शाळेतली मुलं अजून त्यांना पाहिलं की रस्ता बदलतात, तेव्हा त्यांचा सल्ला मी मानला नाही. बाबल्या म्हणाला, "वाईच सुकट टाका. कसा उतरत न्हाय बघतू." सुकट! आमच्या घरात! मी त्याला असा झापला की बिचारा दोन दिवस माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला गोठ्यामागे गाठून म्हटलं, "थोडीशी. पानात गुंडाळून. कुणाला कळता कामा नये." तीही मांजरानं खाल्ली नाही. वास मात्र माळ्यावरून घरभर पसरला आणि हिनं मला आंघोळ घातल्याखेरीज जेवायला वाढलं नाही.

शेवटी मी स्वतः वर चढलो. पंचा नेसून, उघडाबंब, रांगत रांगत, तोंडानं "ये गो मने, ये गो बाय" म्हणत. माळ्यावर गेल्या पिढीची धूळ होती. मी मांजराच्या अगदी जवळ पोहोचलो तोच ते माझ्या पाठीवरून उडी मारून पलीकडे गेलं, आणि घाबरून मी पाय मागे टाकला तो शिडीला लागून शिडी खाली. बाबल्या शेतावर. ही देवळात. घरात फक्त सूनबाई, आणि तिला हाक कशी मारायची? सुनेला सासऱ्यानं हाक मारायची नाही! मी वर बसून खाकरलो. पुन्हा खाकरलो. खालून बांगड्यांचा आवाज आला, शिडी हळूच उभी राहिली, आणि मी उतरेपर्यंत खाली कुणीही नव्हतं. पण उतरताना ओटीवर तेच सायकलवाले वकील उभे. कागद घ्यायला आले होते. मी काजळीनं माखलेला, डोक्याला जळमटं. त्यांनी पुन्हा अदबीनं नमस्कार केला.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण सूनबाईंचं जेवण काही वाढलं नाही. उलट आणखी कमी झालं. मी हिला म्हटलं, "तिला म्हणावं, रोज हाक मार. तिचंच मांजर आहे, आवाज ओळखेल." मग रोज तिन्हीसांजेला सूनबाई शिडीखाली उभ्या राहून हाक मारायच्या. "मने... ये गो मने." मांजर ढिम्म. ही म्हणायची, "जरा प्रेमानं मार हो हाक." आणि ती पोर पुन्हा तशीच, आणखी हळू, "मने, ये गो." ओटीवर बसून ते ऐकताना माझ्याच्यानं राहवायचं नाही. एकदा यमुनाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "माहेरचं मांजरसुद्धा ओळख देईना म्हणजे पोरीचं कठीणच आहे." त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मी नाद सोडला. मांजराकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. कोर्टातून आलो की हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसायचं आणि दुसऱ्या दिवशीचे कागद वाचत राहायचं, हा माझा जुना क्रम. वाचताना मी पुटपुटतो. "सदरहू माड वादीचे हद्दीत असून नारळ मात्र प्रतिवादीचे अंगणात पडतात..." माझं वाचन रटाळ आहे असं सगळं कोर्ट म्हणतं. जाणते वकील मी वाचायला उठलो की बसण्याची सोय नीट करून घेतात. तर एक दिवस असाच माडाचा दावा पुटपुटत होतो आणि झोपाळ्याखाली काहीतरी हललं. पाहिलं तर मांजर! मी हाक मारली नाही, हललो नाही, प्रतिवादीचे नारळ मोजत राहिलो. दुसऱ्या दिवशी ते झोपाळ्याच्या कडीपाशी बसलं. मग एका संध्याकाळी, साक्षीदार क्रमांक तीनची जबानी चालू असताना, ते उडी मारून माझ्या मांडीवर आलं, दोनदा गोल फिरलं आणि अंगाचं मुटकुळं करून घुरघुरायला लागलं.

खोटं कशाला सांगू? मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात माझं वाचन ऐकायला आपणहून आलेला हा पहिला जीव. हरिहर लहान असताना माझ्या धाकानं कधी मांडीवर बसला नाही. आणि हे भित्रं जनावर, ज्याला साऱ्या घरानं हाका मारल्या, ते सगळं सोडून माझ्याकडे आलं, ते मी नाद सोडल्यावर. पाच मिनिटं मी अगदी राजासारखा बसलो. मग आतून बांगड्या वाजल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. सुनेच्या सोबतीला आणलेलं मांजर मी स्वतःच घेऊन बसलोय. पोरीजवळ माहेरचं म्हणून एक तेवढंच होतं.

मी मांजराला खाली ढकललं. ते पुन्हा वर. त्या दिवसापासून आमच्या भेटी चोरून व्हायला लागल्या. पावलं वाजली की मी त्याच्यावर वर्तमानपत्र पांघरायचा. या वयात, या हुद्द्यावर, स्वतःच्या घरात मांजर लपवण्याची पाळी माझ्यावर आली! पण लपणार किती दिवस? एकदा वर्तमानपत्र घुरघुरत असताना यमुनाबाई वाटीभर साखर मागायला आल्या, आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या आळीत झालं की शिरस्तेदारांनी सुनेचं मांजर फितवलं. फितवलं! साक्षीदार फितवणाऱ्यांचा ज्यानं जन्मभर तिटकारा केला, त्याच्या नावावर हा शब्द!

"आज तिनं ताकसुद्धा घेतलं नाही," त्या संध्याकाळी ही म्हणाली. तिचा आवाज मला नवा वाटला. घाबरलेला. "हरिहरला लिहायचं का हो? पोरीला काही झालं तर आपण काय तोंड दाखवायचं विसाजीपंतांना?"

मला सगळा दोष मांजराचा वाटला. ते पुढ्यात असताना तिला रोज कळणार की आपलं होतं तेही आपलं राहिलं नाही. त्यापेक्षा नजरेआड झालेलं बरं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोर्टात निरोप पाठवला, पोतं काढलं, मांजराला मांडीवर बोलावलं. ते विश्वासानं आलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. त्याला पोत्यात घातलं. सुंभ बांधायला लागलो.

"मामंजी, नका नेऊ तिला."

मी वळलो. सूनबाई ओटीवर उभी होती. ओटीवर! माझ्यासमोर! पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं, आणि मी पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. अगदी लहान होती हो ती.

"अगं, तुझंच मांजर तुला..." मी चाचरलो. "ती आता माझ्याकडे येते म्हणून तू रागावलीस. पालीला सोडतो तिला."

"ती माझी मनी नव्हे."

"नव्हे? मग कोण?"

"मला नाही माहीत. आमच्याकडची नव्हेच ती. माझी मनी पांढरी होती. म्हातारी होती. एक डोळा गेलेला."

मी पोतं खाली ठेवलं.

"पोतं सोडलंत तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "मनी जिवंत असती तर बाबांनी दुसरं मांजर कशाला दिलं असतं? तुम्ही मुलाकडचे. तुम्हांला नाही कसं म्हणणार ते? तुम्ही वाघ मागितला असतात तर बाबा रानात गेले असते."

मला हसू आलं, आणि मग एकेक आठवायला लागलं. गाय, कलमं, कुंपणावरच्या उड्या, दारामागे रडणाऱ्या विहीणबाई. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी तिथं बसून पुरणपोळी खात होतो.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तिनं खाली पाहिलं. "तुम्ही म्हणाला असतात, पालीकरांनी फसवलं."

मी नाही म्हणणार होतो, पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलंच असतं. इथं, या ओटीवर, मोठ्यानं म्हटलं असतं, आणि यमुनाबाईंना कुंपणाशी यायचीसुद्धा गरज पडली नसती. वर्षानुवर्षं हरएक लग्नामुंजीत म्हणत राहिलो असतो की आमच्या व्याह्यांनी मांजरातसुद्धा फसवलं. बापाच्या नावाला ते लागू नये म्हणून ही पोर रोज संध्याकाळी शिडीखाली उभी राहून आपल्या मेलेल्या मांजराच्या नावानं भलत्याच मांजराला हाका मारत होती. आणि आम्ही तिला सांगत होतो, जरा प्रेमानं मार.

मी झोपाळ्यावर बसलो नाही. खाली जमिनीवरच बसलो.

"कशी होती गो तुझी मनी?"

ती दाराच्या चौकटीला टेकून सांगायला लागली. मनी सापाला भिडायची पण बेडकाला भ्यायची. तिला फणसाचे गरे आवडायचे. कुणी म्हटलं तर विश्वास ठेवणार नाही, पण आवडायचे. लग्नात मांडव घातला तेव्हा ती मांडवावर चढून बसली होती आणि अंतरपाट धरला तरी उतरली नाही. "मी निघाले तेव्हा गाडीमागं देवळापर्यंत आली," ती म्हणाली, "मग बसली रस्त्यात, म्हातारी होती ना, दमली." इथवर ती सांगत होती, आणि मग एकदम तिचा बांध फुटला. इतक्या मोठ्यानं रडली की आमची ही पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि तिला पोटाशी धरून स्वतःच रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती पोर रडली ती मागील दारी, तोंडात पदर कोंबून. आमच्यासमोर मोकळी रडली ती आज. यमुनाबाई कुंपणाशी आल्याच.

"काय झालं हो?"

"आमच्या घरचं मांजर वारलंय," मी म्हटलं. "मग या."

त्या गडबडीत पोत्याचं अर्धवट बांधलेलं सुंभ सुटलं आणि आतली बाई थेट माळ्यावर. पोत्यात घातल्याबद्दल तिनं पुढं बरेच दिवस मला तोंड दाखवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रडून झाल्यावर सुनेत्रानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि सासूकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मामंजी, मला भूक लागल्ये."

मी उठलो. पाट मी मांडला, पान मी घेतलं, ही भात वाढायला लागली. पुरुषांच्या आधी सून जेवायला बसलेली त्या स्वैपाकघरानं कधी पाहिली नव्हती. वरणभात, वर तुपाची धार, पोह्याचा पापड. ती जेवत होती. खरोखर जेवत होती. आम्ही दोघं म्हातारी समोर बसून एकेक घास डोळ्यांनी मोजत होतो.

मध्येच तिनं मान वर केली. "असं बघू नका हो माझ्याकडे," ती म्हणाली, "घास अडकतो."

मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागलो.